माइल्स ट्रान्सफर आणि फॅमिली पूल: दोन्ही एकच नाहीत, आणि कधी कधी दोन्हीची गरज नसते

"माझे माइल्स आईच्या अकाउंटला टाकता येतील का?" हा प्रश्न आमच्या फॅमिली ग्रुपवर दर वर्षी मे महिन्याच्या आधी येतोच. माइल्स म्हणजे विमानप्रवासावर एअरलाइन आपल्या अकाउंटला जमा करते ते पॉइंट्स, पुरेसे साठले की त्यातनं तिकीट काढता येतं. आम्ही पार्ल्याचे, ताई दुबईला, दादा न्यू जर्सीला, त्यामुळे आई-बाबांची वर्षातनं एक तरी फेरी सहारच्या टी-टूला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला, ठरलेली, आणि प्रत्येकाच्या अकाउंटला थोडे थोडे माइल्स पडून असतात जे एकट्याचे कधीच पुरत नाहीत. मग कोणी म्हणतं फुकट होतं, कोणी म्हणतं अगं हजारो रुपये घेतात, आणि दोघंही खरं बोलत असतात, कारण एकजण पूलबद्दल सांगतोय आणि दुसरा ट्रान्सफरबद्दल. नाव वेगळं, पैसे वेगळे, नियम वेगळे, पण बोलताना आपण सगळ्यालाच ट्रान्सफर म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

ट्रान्सफर म्हणजे सरळ एका अकाउंटमधून काढून दुसऱ्या अकाउंटला टाकणं. एकदाच होतं, त्याची फी भरावी लागते, आणि एकदा गेले की परत येत नाहीत. बँकेतनं पैसे पाठवल्यासारखंच वाटतं, पण बँक पाच हजार पाठवायला पाचशे घेत नाही ना, इथे फी खरंच जाणवण्यासारखी असते. ज्याचे माइल्स आहेत त्याच्याच लॉगिनमधून हे करावं लागतं, म्हणजे पासवर्ड त्याचा, ओटीपी त्याच्या फोनवर. घरातल्या मोठ्या माणसांच्या बाबतीत अर्धा वेळ यातच जातो.

पूल म्हणजे घरातल्या किराण्याच्या डब्यासारखं. प्रत्येकजण आपापल्या कमाईतलं त्यात टाकतो आणि तिकीट काढायचं असेल तेव्हा डब्यातनं काढायचं. यात माइल्स कोणाला दिले जात नाहीत, सगळ्यांचे एकत्र जमा होतात. बहुतेक ठिकाणी याला पैसे पडत नाहीत. पण डब्यातनं कोण काढू शकतं, टाकलेले परत घेता येतात का, पूल सोडला तर काय होतं, हे प्रत्येक एअरलाइनचं वेगळं असतं आणि ते सामील व्हायच्या आधी वाचायचं असतं, नंतर नाही.

एकाच एअरलाइनमध्ये दोन्ही असलं की फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो, म्हणून युनायटेडचं उदाहरण घेते, दादाचं अकाउंट तिथलंच आहे. युनायटेडमध्ये ट्रान्सफर करायचे तर ५०० माइल्सला साडेसात डॉलर आणि वर ३० डॉलर प्रोसेसिंग फी. म्हणजे १०,००० माइल्स पाठवायला १८० डॉलर, आपले पंधरा हजार रुपये कुठे गेले नाहीत. आणि मार्च २०२४ मध्ये त्याच युनायटेडनं पूलिंग सुरू केलं, पाच जणांपर्यंत, एक पैसा न घेता. हे वाचल्यावर कोणीही म्हणेल मग ट्रान्सफर करतंय कोण? पण इथे एक अट आहे जी आमच्यासारख्यांना नेमकी लागते. पूलमधले माइल्स फक्त युनायटेडच्या स्वतःच्या विमानांवर चालतात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, म्हणजे युनायटेड ज्या एअरलाइन्सच्या गटात आहे त्याच गटात, त्यामुळे दादाच्या स्वतःच्या अकाउंटमधले युनायटेडचे माइल्स वापरून आई-बाबांचं एअर इंडियाचं तिकीट काढता येतं, पण तेच माइल्स पूलमध्ये टाकले की तो रस्ता बंद. म्हणून दादाला मी स्पष्ट सांगितलं, तू पूल बनवायचा तर बनव, पण सगळे माइल्स उचलून त्यात टाकू नकोस.

ताईचं एमिरेट्स. तिथे पूलला माय फॅमिली म्हणतात, आठ जणांपर्यंत घरची माणसं जोडता येतात आणि प्रत्येकानं आपल्या नवीन कमाईतले किती टक्के डब्यात टाकायचे ते ठरवायचं, अगदी १०० टक्के सुद्धा. यातला 'नवीन' हा शब्द लोक वाचतच नाहीत. आधी साठलेले माइल्स ज्याच्या त्याच्या अकाउंटलाच राहतात. आईला वाटलं होतं की माय फॅमिलीमध्ये गेल्यावर तिचे जुने माइल्स आपोआप ताईला दिसतील, तसं होत नाही, आणि ते जुने हलवायचे असतील तर मग ट्रान्सफर, म्हणजे परत फी. शिवाय स्कायवर्ड्सचे, म्हणजे एमिरेट्सचेच, माइल्स साधारण तीन वर्षांनी संपतात, तुमच्या जन्ममहिन्याच्या शेवटी, तर आईबाबांची ती तारीख एकदा बघून ठेवा, त्यांना स्वतःला ती माहीत नसते.

आणि फॅमिली म्हणजे कोण हे सुद्धा एअरलाइन ठरवते. एअर फ्रान्स केएलएमच्या फ्लाइंग ब्लूमध्ये दोन मोठी माणसं आणि सहा मुलं, लुफ्तान्साच्या माइल्स अँड मोअरमध्ये दोन मोठी आणि पाच मुलं. नवरा-बायको आणि लहान मुलं असतील तर छान बसतं. पण आपल्याकडे आई, बाबा, दोन भाऊ, एक वहिनी, सगळे कमावते आणि सगळे प्रवास करणारे, ते या मापात बसत नाहीत, मग कोणाला तरी बाहेर ठेवावं लागतं आणि घरात त्यावरून रुसवे होतात, खोटं नाही सांगत. ब्रिटिश एअरवेजच्या हाउसहोल्ड अकाउंटची गोष्ट अजून वेगळी, तिथे तिकीट काढलं की एव्हिओस (त्यांच्या माइल्सचं नाव) एकाच्याच खात्यातनं जात नाहीत, सगळ्यांच्या शिलकीच्या प्रमाणात थोडे थोडे वजा होतात. ज्याचे जास्त त्याचे जास्त जातात. हे आधी सांगून ठेवलं नाही तर जावईबापू विचारतात माझे पाच हजार कुठे गेले.

दोन्हीत एक गोष्ट मात्र सारखी. स्टेटस, म्हणजे जास्त प्रवास करणाऱ्याला एअरलाइन देते तो सिल्व्हर गोल्ड वगैरे दर्जा, ते कुठेच जात नाही. माइल्स आले म्हणून आईला लाउंज मिळणार नाही.

आता मला मनापासून जे सांगायचंय ते. बऱ्याच वेळा दोन्हीची गरजच नसते. तिकीट कोणाच्या नावाचं आणि माइल्स कोणाच्या अकाउंटचे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक एअरलाइन्समध्ये माझ्या अकाउंटमधनं मी आईच्या नावाचं तिकीट काढू शकते, आईकडे एक माइल नसला तरी. काही ठिकाणी ज्यांच्यासाठी काढायचं त्यांची नावं आधी नोंदवून ठेवावी लागतात, सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये असे पाच नॉमिनी ठेवता येतात, पण तिथेही माइल्स तुमच्याच खात्यात राहतात.

हे मला उशिरा कळलं आणि त्याची किंमत मोजली. ताईचं बाळंतपण होतं, आईला पाठवायचं होतं. जाऊन-येऊन ४०,००० माइल्स लागत होते, माझ्याकडे ३१,०००, बाबांकडे २२,०००. मी हिशेब केला, नऊ हजार कमी पडतात, बाबांकडनं घेऊया. बाबा तेव्हा चिपळूणला, घरात रेंज नाही, तर बिचारे भर उन्हात अंगणात आंब्याखाली उभे राहून ओटीपी वाचून दाखवतायत, पहिला ओटीपी सांगेपर्यंत संपला, दुसरा मागवला, तो आला, एकेक आकडा सावकाश, शेवटी झालं एकदाचं. अकरा हजारांच्या वर फी माझ्या कार्डावरनं गेली. माइल्स लगेच दिसले नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी आले, आणि तोपर्यंत त्या तारखेची माइल्सवर मिळणारी सीट गेलेली. कस्टमर केअरला फोन केला, ट्रान्सफर उलटं होत नाही, फी परत नाही. त्यांचं नियमानं बरोबर होतं.

पण त्या रात्री परत साइट उघडून बसले तेव्हा दिसलं की एका बाजूचं तिकीट बरोब्बर २०,०००ला होतं. म्हणजे जायचं माझ्या ३१,००० मधनं आणि यायचं बाबांच्या २२,००० मधनं, दोन वेगळी तिकिटं काढली असती की झालं असतं. एकही माइल हलवायची गरज नव्हती, फी नाही, वाट बघणं नाही. मला खूप वाईट वाटलं, पैशांपेक्षा बाबांना उन्हात उभं केलं त्याचं. तेव्हापासून कोणीही ट्रान्सफरचं विचारलं की मी आधी हेच विचारते, दोन्ही बाजूंची तिकिटं वेगवेगळ्या अकाउंटमधनं निघतात का बघितलंस का? सगळ्या एअरलाइन्स एका बाजूचे बरोबर निम्मे माइल्स घेतात असं नाही, पण बघायला दोन मिनिटं लागतात. आणि टॅक्स तसाही रोख भरायचाच असतो, दोन तिकिटांचा दोनदा, तोही आधी बघा.

ट्रान्सफर करायचंच असेल, म्हणजे खरंच थोडेसेच कमी पडतायत आणि दुसरा मार्ग नाही, तर आधी एअरलाइनला फोन करून सीट थोडा वेळ होल्ड करून मिळते का विचारा, आणि तेवढेच माइल्स विकत घ्यायला किती पडतात तेही बघा, कधी सेल असतो तेव्हा विकत घेणं स्वस्त पडतं.

अजून एक, नावाचं. आपल्याकडे पासपोर्टवर बायकांच्या स्वतःच्या नावापुढे नवऱ्याचं नाव त्याच रकान्यात असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि माइल्सचं अकाउंट उघडताना मुलगा किंवा भाचा घाईत नुसतं नाव-आडनाव टाकतो, कधी कधी तर माहेरचं. तिकिटाचं नाव आणि अकाउंटचं नाव जुळलं नाही की प्रवासाचे माइल्स पडत नाहीत, आणि पूलमध्ये जोडतानाही तिथेच अडतं. आईचं अकाउंट असंच तीन वर्षं रिकामं राहिलं, दोनदा दुबईला जाऊन आली तरी. पासपोर्टचा फोटो पाठवून नाव बदलून घेतलं आणि बोर्डिंग पास जपून ठेवलेले होते म्हणून शेवटच्या फेरीचे तरी मिळाले, आधीच्या फेरीची मागायची मुदत निघून गेलेली.

या मे महिन्यासाठी आमचं असं ठरलंय: ताईच्या पूलमध्ये आई-बाबा दोघंही, नवीन कमाई १०० टक्के तिकडे. दादाचे माइल्स दादाकडेच, त्यातनं बाबांचं तिकीट. आणि माझे उरलेले मी परतीच्या एका तिकिटासाठी ठेवलेत.