गुन्हे व पोलीसविषयक डेटा पत्रकारिता

गुन्ह्यांच्या नोंदी, अटका, दोषारोपपत्रे, निकालपत्रे, पोलिसांच्या गोळीबारातील व कोठडीतील मृत्यू यांविषयीची माहिती मोठ्या प्रमाणावर गोळा करून, तपासून आणि सांख्यिकीच्या साहाय्याने अभ्यासून बातमी देण्याची पद्धत. नेहमीची गुन्हेवार्ता एका घटनेपासून सुरू होते आणि बहुधा त्या घटनेतच संपते. डेटा पत्रकार अनेक घटना एकत्र ठेवून त्यांतून काय दिसते ते पाहतो : कोणत्या भागातील तक्रारी नोंदल्याच जात नाहीत, कोणत्या गुन्ह्यांचा तपास अर्धवट राहतो, रस्त्यावर कोणाला अधिक वेळा अडवले जाते. या कामात गणितापेक्षा आकड्याचा उगम समजून घेणे अधिक अवघड असते, कारण गुन्ह्यांची अधिकृत आकडेवारी पोलीस स्वतःच तयार करतात आणि तीच आकडेवारी त्यांच्या कामाचे मूल्यमापन करण्यासाठी वापरली जाते.

गुन्ह्यांची राष्ट्रीय आकडेवारी नियमितपणे छापण्यास फ्रान्सच्या न्याय मंत्रालयाने १८२७ मध्ये आरंभ केला. तिच्या आधारे फ्रेंच वकील आंद्रे-मिशेल गेरी यांनी काढलेले गुन्ह्यांचे नकाशे आणि बेल्जियन सांख्यिकीतज्ञ अदोल्फ केतले यांनी केलेले विश्लेषण हा या विषयाचा पाया मानला जातो. अमेरिकेत एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने १९३० पासून देशभरातील पोलीस दलांची आकडेवारी एकत्र करण्यास सुरुवात केली. भारतात १९५३ पासूनचे वार्षिक अहवाल उपलब्ध असून १९८६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, आता ते प्रसिद्ध करतो. पत्रकारितेत या साधनांचा वापर पुष्कळ उशिरा झाला. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात १९६७ मध्ये झालेल्या दंगलीनंतर पत्रकार फिलिप मायर यांनी समाजशास्त्रीय पाहणी करून, दंगलीत भाग घेणारे लोक अशिक्षित व सर्वांत तळातले होते, ही प्रचलित समजूत खोडून काढली. २००५ मध्ये पत्रकार व संगणक-प्रोग्रामर एड्रियन होलोवाटी यांनी शिकागो पोलिसांच्या नोंदी गूगलच्या नकाशावर मांडल्या, तर २००७ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने आपल्या परगण्यातील प्रत्येक खुनाची नोंद ठेवण्याचा उपक्रम हाती घेतला. एरवी ज्यांच्या मृत्यूला दोन ओळीही मिळत नसत, अशा माणसांची त्यामुळे निदान नोंद झाली.

घडलेला गुन्हा आकडेवारीत पोहोचेपर्यंत अनेक ठिकाणी गळती होते. पीडित व्यक्ती तक्रार करतेच असे नाही. अमेरिकेत १९७३ पासून घरोघरी जाऊन केल्या जाणाऱ्या पीडित-पाहणीनुसार अलीकडच्या वर्षांत निम्म्याहून कमी हिंसक गुन्हे पोलिसांपर्यंत पोहोचतात. तक्रार केली तरी ती नोंदली जाईल याचीही खात्री नसते. इंग्लंड व वेल्समधील पोलीस निरीक्षण संस्थेने २०१४ मध्ये केलेल्या तपासणीत, पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के गुन्हे नोंदलेच गेले नव्हते असे आढळले. लैंगिक गुन्ह्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. त्याच वर्षी तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने पोलीस आकडेवारीचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा काढून घेतला होता. भारतात दखलपात्र गुन्ह्याऐवजी अदखलपात्र नोंद करणे किंवा चोरीला गेलेली वस्तू ‘गहाळ’ दाखवणे, हे ठाण्यावर चालणारे परिचित प्रकार आहेत.

नोंद झालेल्या गुन्ह्याचे वर्गीकरण हा यापुढचा टप्पा. एनसीआरबीच्या पद्धतीत एका प्राथमिक माहिती अहवालात (एफआयआर) अनेक गुन्हे असले तरी त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो, त्यामुळे बलात्कार करून खून केल्याची घटना खुनात जमा होते आणि बलात्काराच्या सर्वसाधारण रकान्यात दिसत नाही. स्वीडनमध्ये उलट एकाच पीडितेवरील प्रत्येक अत्याचार स्वतंत्र गुन्हा म्हणून मोजला जातो. या दोन देशांचे दर शेजारी शेजारी ठेवून निष्कर्ष काढणारी बातमी कितीही आकर्षक असली तरी ती चुकीचीच असते. खुनाचा आकडा तुलनेने विश्वसनीय मानतात, कारण मृतदेह लपवणे कठीण असते. पण तोही नियमांच्या चौकटीतच तयार होतो. इंग्लंड व वेल्समध्ये खून ज्या वर्षी पोलीस दफ्तरी नोंदला गेला त्या वर्षात मोजतात. म्हणून रुग्णांची हत्या करणाऱ्या हॅरॉल्ड शिपमन या डॉक्टरचे, अनेक वर्षांत पसरलेले १७२ बळी २००२-०३ या एकाच वर्षाच्या आकड्यात आले. तळटीप न वाचता त्या वर्षाचा आलेख काढणाऱ्याला खुनांची लाट आल्याचा भास होईल.

वर्गीकरणातील फेरफार उघड करणे ही या पत्रकारितेची एक मोठी कामगिरी आहे. लॉस एंजेलिस टाइम्सने २०१४ मध्ये तेथील पोलिसांच्या नोंदी, प्रत्येक गुन्ह्याला दिलेला वर्ग आणि घटनेचे लिखित वर्णन असे समोरासमोर ठेवून वाचल्या. चाकूने वार किंवा जबर मारहाण असे वर्णन असलेल्या घटना साध्या मारहाणीत टाकल्याचे दिसले. सप्टेंबर २०१३ अखेरच्या एका वर्षात असे जवळजवळ १,२०० हिंसक गुन्हे किरकोळ ठरवले गेले होते. पुढे पत्रकारांनी हाताने तपासलेल्या नोंदींवर संगणकप्रणालीला वर्गीकरण शिकवले आणि आधीच्या आठ वर्षांच्या नोंदी तिच्याकडून तपासल्या. त्या काळात सुमारे १४,००० गंभीर हल्ले किरकोळ म्हणून नोंदले गेल्याचा अंदाज निघाला. प्रणालीने दिलेले उत्तर बातमीत जाण्यापूर्वी माणसाने नमुन्यादाखल वाचून पाहणे, हा या कामातील शिरस्ता आहे आणि तो सोडून चालत नाही.

छेद व अंश नीट पाहिल्याशिवाय दर छापू नये, हा दुसरा नियम. वीस हजार वस्तीच्या गावात एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दोन खून झाले तर दर लाखामागे ५ वरून १० वर जातो, आणि ‘खून दुप्पट’ असा मथळा आकड्यांच्या दृष्टीने बरोबर असूनही वाचकाची दिशाभूल करतो. लंडनमधील ‘सिटी’ या व्यापारी भागात दहा हजारांच्या आसपास लोक राहतात, पण कामासाठी दररोज लाखो येतात. तेथील चोऱ्यांना रहिवाशांच्या संख्येने भागले तर तो भाग देशात सर्वांत असुरक्षित ठरतो. भारतीय अहवालांतील दोषसिद्धीचा दरही असाच जपून वाचावा लागतो. तो ज्या खटल्यांची सुनावणी त्या वर्षी पूर्ण झाली त्यांच्या प्रमाणात काढलेला असतो. प्रलंबित खटल्यांचा प्रचंड साठा त्यात येत नाही. नकाशांचे धोके वेगळे आहेत. २००९ मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांच्या संकेतस्थळावर नगरसभागृहाजवळचा एक ठिपका शहरातील सर्वाधिक गुन्ह्यांचे ठिकाण दिसत होता. प्रत्यक्षात, ज्या पत्त्यांचा संगणकाला उलगडा झाला नाही ते सगळे गुन्हे आपोआप त्या एका बिंदूवर जमा झाले होते. ही गफलतही पत्रकारांनीच दाखवून दिली.

जिथे शासन मोजतच नाही तिथे पत्रकारांनी स्वतः मोजणी केली, हा या क्षेत्राच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा भाग होय. २०१४ मध्ये फर्ग्युसन येथे पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राउन या तरुणाचा मृत्यू झाल्यावर, अमेरिकेत पोलीस दरवर्षी किती माणसे मारतात याचा विश्वसनीय सरकारी आकडाच नाही, हे उघड झाले. पोलीस दलांनी एफबीआयला ही माहिती देणे ऐच्छिक होते. वॉशिंग्टन पोस्ट आणि गार्डियन या वृत्तपत्रांनी २०१५ पासून स्थानिक बातम्या, पोलिसांची निवेदने आणि प्रत्यक्ष चौकशी यांवरून स्वतंत्र नोंदवह्या तयार केल्या. पोस्टच्या नोंदीत केवळ गोळीबारात वर्षाला सुमारे एक हजार मृत्यू आढळले. एफबीआयकडील आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. या कामासाठी पोस्टला २०१६ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला, आणि एफबीआयच्या तत्कालीन संचालकांनीही दोन वृत्तपत्रे या माहितीचा मुख्य स्रोत व्हावीत हे अस्वीकारार्ह असल्याचे म्हटले.

पक्षपात मोजणे हे त्याहून नाजूक काम आहे. एखाद्या समाजातील लोकांना पोलीस अधिक अडवतात एवढ्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही, कारण रस्त्यावर त्यांचे प्रमाण किती, वाहन चालवण्याची पद्धत कशी, हे प्रश्न उरतात. यासाठी संशोधकांनी एक चतुर तुलना शोधली. संध्याकाळी सात वाजता काही ऋतूंत उजेड असतो, काही ऋतूंत अंधार. घड्याळातील वेळ तीच असल्याने रस्त्यावरची वाहने साधारण सारखीच असतात, पण अंधारात चालकाचा वर्ण पोलिसाला दिसत नाही. अंधार पडल्यावर अडवल्या गेलेल्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटले तर उजेडातील निर्णयांत वर्णाचा वाटा होता असे मानण्यास आधार मिळतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील पत्रकार व अभ्यासकांनी अमेरिकेत पोलिसांनी वाहने थांबवल्याच्या सुमारे दहा कोटी नोंदी जमवून ही कसोटी लावली तेव्हा तशी घट दिसून आली. आरोपी पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता गुणांकाने सांगणाऱ्या, न्यायालयात वापरल्या जाणाऱ्या भाकीत-प्रणालींचीही अशी तपासणी झाली आहे. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०१६ मध्ये फ्लोरिडातील ब्रॉवर्ड परगण्यातील सात हजारांहून अधिक आरोपींचे गुणांक व त्यांचे पुढील वर्तन ताडून पाहिले. ज्यांनी पुढे गुन्हा केला नाही अशा कृष्णवर्णीय आरोपींपैकी सुमारे ४५ टक्के, तर अशाच श्वेतवर्णीयांपैकी सुमारे २३ टक्के आरोपी अधिक धोकादायक ठरवले गेले होते. प्रणालीच्या निर्मात्यांनी न्याय्यतेची वेगळी व्याख्या, म्हणजे समान गुणांकाचा अर्थ दोन्ही वर्णांत समान धोका असावा ही, पुढे करून हा निष्कर्ष नाकारला. त्यानंतर गणितज्ञांनी दाखवून दिले की दोन गटांत पुन्हा गुन्हा घडण्याचे मूळ प्रमाण भिन्न असेल तर न्याय्यतेच्या या व्याख्या एकाच वेळी पाळता येत नाहीत.

माहिती मिळवणे हे बहुतेक ठिकाणी चिकाटीचे काम असते. भारतात माहिती अधिकार कायदा, २००५ आणि न्यायालयांच्या संकेतस्थळांवरील निकालपत्रे ही मुख्य साधने आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता प्राथमिक माहिती अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर ठेवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. पुष्कळदा मिळते ती स्कॅन केलेली पाने. त्यांत एकाच पोलीस ठाण्याचे नाव वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले, तारखेच्या रकान्यात वय आणि वयाच्या रकान्यात कलम. ही सफाई हाताखालच्या माणसावर सोपवण्याजोगी नसते, कारण नोंदीतील विसंगतींतूनच अनेकदा बातमी सापडते. नोंदी प्रत्यक्ष भरणाऱ्या ठाणे अंमलदाराशी किंवा लिपिकाशी बोलल्यावर कोणता रकाना खरोखर भरला जातो आणि कोणता केवळ संगणक पुढे जाऊ द्यावा म्हणून, हे कळते.

प्रसिद्धीच्या वेळी नावांपुरती काळजी घेऊन भागत नाही. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे भारतात दंडनीय आहे. पण नाव वगळूनही छोट्या गावाचे नाव, पीडितेचे वय आणि घटनेचा महिना एका तक्त्यात एकत्र आले की गावकऱ्यांना ओळख पटते. म्हणून जिथे घटनांची संख्या फार लहान आहे तिथे गावाऐवजी तालुका किंवा जिल्हा, आणि महिन्याऐवजी वर्ष दाखवतात. अटक झाल्याची नोंद ठेवणाऱ्या संग्रहांत आरोपीची सुटका झाल्याचा तपशील क्वचितच नंतर भरला जातो. असा संग्रह वाचकांसाठी खुला ठेवणाऱ्या वृत्तपत्रावर त्यातील प्रत्येक खटल्याचा शेवट शोधून नोंदवण्याची जबाबदारी येते.