परकीय मदत म्हणजे निव्वळ दानधर्म? तसं नाहीये

"श्रीमंत देश मदत करतात ते फक्त माणुसकीपोटी आणि हेतू कायम तोच असतो" हे कितीतरी वर्षं फिरतंय, पण ते चुकीचं आहे. अमेरिकेचा पीएल ४८० कायदाच बघा ना, म्हणजे परदेशांना धान्याची मदत देण्याचा कायदा, १९५४ साली आला तेव्हा तिथला जादा गहू गोदामांत पडून होता, त्याला गिऱ्हाईक हवं होतं आणि परदेशी बाजारपेठ वाढवायची हे कायद्यात सरळ लिहिलेलं होतं. १९६१ ला राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्याच योजनेला 'शांततेसाठी अन्न' असं नाव दिलं, मग १९६५-६६ ला भारतात दुष्काळ पडला तर त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी गहू थोडा थोडाच सोडला, कारण भारताने शेती धोरण बदलावं हा आग्रह होता आणि व्हिएतनाम युद्धावरून भारत करत असलेली टीकाही त्यांना खुपत होती. म्हणजे गहू तोच, पण हेतू किती बदलला बघा! ब्रिटनने मलेशियातल्या पेर्गाउ धरणाला पैसे दिले त्याचा धागा तर शस्त्रविक्रीच्या व्यवहाराशी जुळलेला होता, १९९४ ला कोर्टाने ती मदत बेकायदा ठरवली आणि ब्रिटनच्या २००२ च्या कायद्यात गरिबी कमी करणं हा मदतीचा उद्देश आला. पण म्हणून सगळी मदत ढोंग असंही म्हणू नका प्लीज, भारतातल्या त्या दुष्काळात त्याच अमेरिकी गव्हावर लाखो लोक जगले.