‘कोणतं औषध?’ या प्रश्नामागची सत्तर वर्षं

“औषध पिलंय.” सोलापुरात सिव्हिलच्या अपघात विभागाच्या दारात रिक्षा थांबली की अनेकदा नातेवाइकांच्या तोंडून आधी हेच दोन शब्द निघतात. डॉक्टरांचा उलट प्रश्न ठरलेला असतो: “कोणतं? बाटली आणली का?” आपल्या बोलीत तापाची गोळी औषध आणि फवारणीचं विषही औषधच. म्हणून हा प्रश्न विचारावाच लागतो. उपचाराची दिशा त्याच्या उत्तरावर ठरते.

फवारणीच्या विषांतल्या सर्वात ओळखीच्या गटाचा, म्हणजे ऑर्गनोफॉस्फरसचा उगम जर्मनीत आहे. गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ १९३०च्या दशकात किडींवरचं रसायन शोधत होता. त्यातून टाबून हा युद्धातला विषारी वायू निघाला आणि पुढे पॅराथिऑनही. तेच पॅराथिऑन फॉलिडॉल या नावानं भारतात आलं. १९५८ साली केरळात या कीटकनाशकानं दूषित झालेलं धान्य खाऊन शंभरावर माणसं दगावली. जहाजात दोन्ही माल एकत्र आले होते. त्या दुर्घटनेनंतर चौकशी झाली आणि १९६८ साली कीटकनाशक कायदा आला.

सोलापूरचं वैद्यकीय महाविद्यालय १९६३चं, उजनी धरण १९८०चं. मधल्या काळात आणि नंतरही जिल्ह्याची पिकं बदलत गेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला फवारणी फारशी लागत नाही. द्राक्षाला, डाळिंबाला लागते. पाणी आलं, बागा आल्या, तसं बागेतलं ‘औषध’ घरात आलं आणि फडताळात, पलंगाखाली, धान्याच्या पोत्याशेजारी राहू लागलं. रागाच्या किंवा निराशेच्या एका क्षणी ते हाताशी असतं. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते.

ऑर्गनोफॉस्फरसचं विष नसा आणि स्नायू यांच्यामधला निरोप थांबवणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतं. मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, जुलाब, डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, मंद नाडी आणि छातीत भरणारं पाणी. माणूस जातो तो श्वास कोंडून. यावर अ‍ॅट्रोपिन हा जुना आणि अजूनही पहिला उतारा. ते मिळतं बेलाडोनापासून, आणि बेलाडोना ही आपल्या महादेवाला वाहतात त्या धोतऱ्याच्याच कुळातली वनस्पती. धोतरा पोटात गेला तर तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळू लागतो. म्हणजे नेमकी विरुद्ध लक्षणं.

पूर्वी बाहुल्या मोठ्या होईपर्यंत अ‍ॅट्रोपिन देत राहण्याची रीत होती. त्यात कित्येक रुग्ण अ‍ॅट्रोपिननंच बरळायला लागत. आता लक्ष छातीवर असतं. घरघर थांबली का, नाडी ८०च्या वर गेली का, वरचा रक्तदाब ८०च्या वर आहे का, काख कोरडी झाली का, हे बघत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत नेतात.

दुसरा उतारा पॅम. तो १९५५च्या सुमारास आला. विषानं अडकवलेलं विकर सोडवणं हे त्याचं काम. पण काही वेळानं ती पकड पक्की होते आणि मग पॅमचा उपयोग होत नाही. काही रसायनांत हे काही तासांतच घडतं, काहींत दिवसाहून जास्त वेळ लागतो. याच पॅमवरचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या शेजारी, बारामतीत झाला. मध्यम तीव्रतेच्या २०० रुग्णांपैकी निम्म्यांना पॅम सलग सलाइनमधून दिलं, निम्म्यांना चार-चार तासांनी. सलग दिलेल्यांत मृत्यू १ टक्का, दुसऱ्या गटात ८ टक्के. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं तो २००६ साली छापला. तीन वर्षांनी श्रीलंकेतल्या अभ्यासात मात्र पॅमनं मृत्यू कमी झाले नाहीत. रुग्ण किती वेळात पोचला आणि विष कोणतं होतं, यावर बरंच अवलंबून असणार. करमाळ्याहून सोलापूर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे, हे इथं आठवतं.

श्रीलंकेतल्याच डॉक्टरांनी १९८७ साली आणखी एक धोका नोंदवला. रुग्ण सावरला असं वाटत असताना एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. म्हणून राउंडला डॉक्टर म्हणतात, “मान उचलून दाखवा.” ‘बरा झालाय, घरी नेतो’ म्हणणाऱ्या घरच्यांना हे समजावून सांगायला हवं.

“पोट धुतलं का?” हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न. १९९७पासून आंतरराष्ट्रीय विषशास्त्र संघटना सांगत आल्या आहेत की सरसकट पोट धुऊ नये. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं तर फार घातक. अर्धवट शुद्धीत ती उलटी श्वासनलिकेत जाते.

उशीर होण्यामागं पोलिसांची भीतीही आहे. पण आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलं आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं गृहीत धरलं. त्याच्याशी, किंवा त्या वाटेवर असलेल्या कुणाशीही बोलण्यासाठी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे.

यवतमाळात २०१७ साली फवारणी करताना वीसहून अधिक माणसं गेली. पुढच्या वर्षी केंद्रानं १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. थायमेट नावानं ओळखलं जाणारं फोरेट त्यातलंच. श्रीलंकेनं अशा बंद्या खूप आधीच सुरू केल्या होत्या आणि १९९५नंतरच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं.

अपघात विभागातला डॉक्टर मात्र अजूनही बाटलीच मागतो. ती नसेल तर झाकण, खोका, निदान लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. तिथं फोन लावला तरी पहिला प्रश्न हाच येतो: कोणतं औषध?