संगणकाचा खो कुठे अडतो?

‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ ही तक्रार ऐकली की दुरुस्तीतला जाणकार माणूस आधी विचारतो, नक्की काय होतं? बटण दाबल्यावर काहीच हालचाल नाही, की पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच राहते? कंपनीचा लोगो येऊन तिथेच अडकतं, की विंडोजचे ठिपके नुसते गोल गोल फिरत राहतात? घरच्यांना चारही प्रकार सारखेच वाटतात, कारण काम चारही वेळा थांबलेलंच असतं. पण हे चार वेगळे बिघाड आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला सहसा लागू पडत नाही. हा प्रश्न न विचारताच ‘फॉरमॅट मारू या’ म्हणणाऱ्याच्या हाती मशीन देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. बिघाड वीजपुरवठ्यात असेल तर फॉरमॅटने तो जात नाही, घरातले फोटो मात्र जातात.

संगणक एका झटक्यात सुरू होत नाही. खो-खोमध्ये बसलेल्या गड्याला खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही, तसंच इथे चालतं. वीजपुरवठा मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पट्टीला, खो देतो. मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती) आणि बाकीचे भाग तपासतो आणि डिस्कला खो देतो. मग डिस्कवरून विंडोज किंवा लिनक्स उठतं. म्हणून जिथे अडलं, त्याच्या आधीचे टप्पे बहुतेक वेळा ठीक असतात, आणि शोध तेवढा आखूड होतो.

पहिला टप्पा एसएमपीएसचा, म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या बाजूला जाळी दिसते त्या पत्र्याच्या डब्याचा. भिंतीतली २३० व्होल्टची एसी वीज घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज देतो. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकाची ही रचना आजही बहुतेक डेस्कटॉपमध्ये आहे. तिच्यातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. संगणक ‘बंद’ असला तरी जांभळ्या तारेतून मदरबोर्डला ५ व्होल्ट मिळतच असतात. समोरचं बटण ट्यूबलाइटच्या बटणासारखं वीज जोडत किंवा तोडत नाही. ते मदरबोर्डला फक्त इशारा करतं, आणि मदरबोर्ड हिरव्या तारेवरून एसएमपीएसला जागं करतो. त्यामुळे मशीन अगदी निपचित पडलं असेल तर एक्स्टेंशन बोर्ड आणि मागचा स्विच बघून झाल्यावर त्या बटणावरही संशय घ्यावा. कारागीर बटणाची वायर काढून मदरबोर्डवरच्या त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडतात. मशीन सुरू झालं, तर दोष पाच-पन्नास रुपयांच्या बटणाचा असतो.

एसएमपीएस जागा झाला म्हणजे प्रोसेसर, म्हणजे आज्ञा वाचून काम करणारी मुख्य चिप, लगेच पळायला लागतो असंही नाही. सगळे व्होल्टेज ठरल्या मापाच्या ५ टक्के आत-बाहेर स्थिर झाले की एसएमपीएस साधारण ०.१ ते ०.५ सेकंद थांबतो आणि मग एका वेगळ्या तारेवरून ‘वीज ठीक आहे’ असा संकेत देतो. तो येईपर्यंत प्रोसेसरला मुद्दाम रोखून धरलेलं असतं. म्हणजे पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि प्रोसेसरने अजून एकही आज्ञा वाचलेली नसते. ‘पंखा फिरतोय म्हणजे पॉवर सप्लाय ठीकच आहे’ हा निष्कर्ष इथेच फसतो.

व्होल्टेज स्थिर ठेवण्याचं बरंचसं काम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या, करतात. त्यांच्या आत एक विद्राव असतो. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन तो सुकत जातो आणि कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. थंडीत तो रोध आणखी वाढतो, कारण गार विद्रावातून आयन (विद्युतभार वाहणारे कण) सावकाश सरकतात, आणि व्होल्टेज नीट स्थिर होत नाही. म्हणून नाशिक-पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी जुना संगणक पहिल्या दोन प्रयत्नांत उठत नाही, तिसऱ्या-चौथ्याला उठतो आणि एकदा गरम झाला की दिवसभर कुरकुर न करता चालतो. लोक याला मशीनची खोड समजून सोडून देतात. माझ्या मते इतकी स्पष्ट आगाऊ सूचना दुसरी नाही. त्याच दिवशी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी आणि एसएमपीएस बदलण्याचं बघावं. १९९९ ते २००७ या काळात सदोष विद्राव भरलेले असंख्य कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत गेले होते. त्यांची सपाट डोकी फुगत आणि डोक्यावरच्या खाचा उकलून तपकिरी चिकट द्रव बाहेर येई. त्या खाचा मुद्दामच पाडलेल्या असतात, दाब वाढला तर कपॅसिटर स्फोट न होता तिथून फुटावा म्हणून. आजही कॅबिनेट उघडल्यावर आधी ही डोकी बघावीत. तापमान १० अंशांनी उतरलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, त्यामुळे पंख्यात अडकलेली धूळ साफ करणं ही हौस नाही, गरज आहे.

एक मात्र कळकळीने सांगतो. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. २३० व्होल्ट एसीचं आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतं, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतं.

वीज ठीक असल्याचा संकेत मिळाला की प्रोसेसर पहिली आज्ञा वाचतो, आणि ती कुठून वाचायची हे चिपमध्येच पक्कं ठरलेलं असतं. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरमध्ये हा पत्ता ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडे आहे. तिथे मदरबोर्डवरच्या चिपमधला तो छोटा प्रोग्राम, म्हणजे बायोस, किंवा आता त्याच्या जागी आलेला यूईएफआय, त्याची वाट बघत असतो. या घडीला रॅमही वापरायला तयार नसते. तिला तयार करणं हेच पहिलं मोठं काम, आणि ‘पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथेच अडलेली असते. रॅमच्या कडेला सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या पट्ट्या असतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळाभर घर दमट राहतं, हवेत मीठही असतं, त्यामुळे या पट्ट्यांवर आणि स्लॉटच्या पात्यांवर थर चढतो. रॅम काढून पुन्हा नीट बसवली तर तो घासला जातो आणि कित्येक संगणक तेवढ्यानेच उठतात. बरेच जण पट्ट्या खोडरबराने घासतात. त्याने काम होतं खरं, पण मुलामा झिजतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं स्वच्छ कापड केव्हाही बरं. हात लावण्याआधी प्लग काढा आणि कॅबिनेटच्या पत्र्याला स्पर्श करा. अंगातल्या स्थिर विजेचा चटका आपल्याला जाणवतो तो सुमारे ३००० व्होल्टच्या पुढे. चिपला इजा व्हायला त्याहून कितीतरी कमी पुरते.

दोन रॅम असतील तर एकच ठेवून पाहा, मग दुसरी. बायोस बोलतोही. जुन्या मशीनमध्ये ठरावीक बीप वाजतात, नव्या मदरबोर्डवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांचे चार बारीक दिवे असतात, त्यातला अडलेल्या भागाचा पेटून राहतो. डीडीआर-५ रॅम नवीन बसवली असेल तर धीर धरा. पहिल्या वेळी मदरबोर्ड तिच्याशी संकेतांच्या वेळा जुळवत बसतो आणि त्यात काही मिनिटं काळा स्क्रीन राहू शकतो. घाबरून मधेच बंद केलं की ते काम पुन्हा पहिल्यापासून. आणि मॉनिटरची केबल वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला न लावता मदरबोर्डच्या सॉकेटला लावलेली नाही ना, हेही बघा.

मदरबोर्डवर ३ व्होल्टचा गोल चपटा सेल असतो, सीआर-२०३२ नावाचा. प्लग काढलेला असतानाही तो घड्याळ चालू ठेवतो. ते घड्याळ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकावर चालतं; ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर १ उरतो, म्हणजे एक सेकंद. मे महिन्यात गावाहून परतल्यावर संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसली, तर सेल संपलाय. जुन्या मशीनमध्ये तारखेबरोबर बायोसच्या सेटिंगही पुसल्या जातात, आणि डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं ही सेटिंग बदलली तर चांगलं असलेलं विंडोजही उठत नाही. उपाय पन्नासएक रुपयांचा सेल, आणि सेटिंग पुन्हा पूर्वीसारखी करणं. आधीच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवलेले असतील तर हे काम मिनिटांत होतं.

‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश आला तर आधी लावून राहिलेला पेन ड्राइव्ह काढा, मग डिस्कची केबल बघा.

लोगो येऊन विंडोज अर्ध्यात कोलमडत असेल, तर बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरचा असतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभरच्या संगणकांत गेली. विंडोज उठतानाच ती वाचली जाई आणि निळा स्क्रीन येऊन मशीन पुन्हा सुरू होई, पुन्हा कोसळे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक अडकले आणि भारतातही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण जे मशीन इंटरनेटपर्यंत पोहोचण्याआधीच कोसळत होतं, त्याला दुरुस्ती मिळणार कशी? अशा अनेक मशीनपाशी माणसाला जाऊन सेफ मोडमध्ये ती फाइल हाताने काढावी लागली. सेफ मोडमध्ये फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर (एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) उठतात, म्हणून तिथे शिरता येतं. सुरू होण्याचे प्रयत्न लागोपाठ फसले की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. तिथून सेफ मोडमध्ये जा, अलीकडे टाकलेला ड्रायव्हर किंवा अपडेट काढा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ४८ अंकी किल्ली (रिकव्हरी की) मागितली जाईल. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, ते आजच, मशीन चालू असताना, बघून ठेवा.

हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र यातलं काहीही करू नका. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणं तर मुळीच नको. वाचणारं हेड तबकडीला घासत असेल तर प्रत्येक प्रयत्नात तिच्यावरचा आणखी मजकूर खरवडला जातो. प्लग काढा, डिस्क बाहेर काढा आणि डेटा परत मिळवण्याचं काम करणाऱ्याकडे द्या. एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर मजकूर साठवणारी डिस्क, असा आवाज करत नाही. ती कधी कधी बायोसच्या यादीतूनच अचानक नाहीशी होते.