वरच्या कप्प्यातली बॅग आणि उत्क्रांतीचा हिशेब

विमानात जागेवरून किंवा पाठ मागे कलणाऱ्या खुर्चीवरून जुंपलेल्या भांडणाची एखादी चित्रफीत अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरत येते आणि तिच्याखाली कोणीतरी हमखास लिहितो की माणूस शेवटी प्राणीच, ‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गाचा नियम, आणि डार्विनने हे कधीच सांगून ठेवले आहे. डार्विनने असे काही सांगितलेले नाही. मानवाच्या उत्पत्तीविषयी १८७१ साली लिहिताना त्याने सहानुभूतीला माणसाच्या जडणघडणीत मोठे स्थान दिले होते. शिवाय ज्या प्रसंगांच्या चित्रफिती कोणी काढत नाही, असे कितीतरी प्रसंग जवळजवळ प्रत्येक उड्डाणात घडतात आणि उत्क्रांतीच्या दृष्टीने खरे कोडे तेच आहेत. भांडणाचे स्पष्टीकरण सोपे असते. कोण कुठल्या परक्या माणसाची बॅग कोणी का उचलून ठेवावी, याचे स्पष्टीकरण देताना मात्र गेल्या साठ वर्षांतल्या जीवशास्त्रज्ञांची बरीच दमछाक झालेली आहे.

मागच्या एका प्रवासात माझ्या पुढच्याच रांगेत घडलेला प्रसंग अगदी साधा होता. एक ठेंगण्या बाई टाचा उंचावून आपली बॅग वरच्या कप्प्यात सरकवू पाहत होत्या. बॅगेची दोन चाके कडेवर टेकली होती, उरलेले सगळे वजन त्यांच्या दोन तळव्यांवर होते, आणि मागे खोळंबलेल्या रांगेच्या नजरा पाठीवर जाणवत असल्यामुळे त्यांची घाई वाढत होती. पलीकडच्या खुर्चीतला एक उंच गृहस्थ उठला, एक हात बॅगेच्या तळाशी लावून त्याने ती आत ढकलली, कप्प्याचे झाकण लावले आणि बाईंचे आभार पुरते ऐकून न घेताच तो पुन्हा फोनमध्ये डोके घालून बसला. सगळा मामला पाच सेकंदांचा.

या पाच सेकंदांचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने मांडता येतो. बॅग ७ किलोची आणि कप्पा जमिनीपासून १.७ मीटर उंच धरला, तर ती जमिनीवरून तिथवर नेण्यासाठी ७ × ९.८ × १.७, म्हणजे सुमारे ११७ जूल कार्य करावे लागते. आपले स्नायू खर्ची घातलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा कार्यात उतरवतात हे धरले, तरी एकूण खर्च पावणेपाचशे जूलच्या आत राहतो, आणि एवढी ऊर्जा साखरेच्या काही कणांत असते. हे कार्य उंच माणसाला आणि ठेंगण्या माणसाला सारखेच पडते. फरक पडतो तो अंतराच्या शेवटच्या वीतभर भागात, कारण हात खांद्याच्या वर पूर्ण ताणले गेले की उचलण्याची ताकद झपाट्याने घटते आणि चवड्यांवर उभ्या राहिलेल्या माणसाचा तोलही अडचणीत येतो. देणाऱ्याला जे जवळजवळ फुकट पडते, ते घेणाऱ्याला जवळजवळ अशक्य असते. ‘खर्च थोडा आणि लाभ मोठा’ ही विषमता लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा विषय तिच्यावरच उभा आहे.

सारा ब्लाफर हर्डी या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने २००९ साली विमानप्रवासाविषयीच एक मार्मिक प्रश्न उपस्थित केला होता. शेकडो अनोळखी माणसे एका अरुंद नळकांड्यात तासन्‌तास अंग चोरून बसतात, एकमेकांकडे पाहून ओशाळे हसतात, रडणारे मूल निमूट सहन करतात; त्याच विमानात त्यांच्या जागी चिंपांझी भरले तर काय होईल? तिचे उत्तर असे की हातापायांची सगळी बोटे शाबूत ठेवून उतरणारा चिंपांझी नशीबवानच म्हणावा लागेल आणि त्यातल्या पिल्लांची तर धडगत नाही. चिंपांझी आपला सगळ्यांत जवळचा जिवंत नातलग आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे मधल्या साठ-सत्तर लाख वर्षांत आपल्यात काहीतरी विलक्षण घडलेले आहे, हे मान्य करावे लागते.

काय घडले असावे, याची पहिली नेटकी मांडणी डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ साली केली. मदत घेणाऱ्याला होणारा लाभ, गुणिले त्याच्याशी असलेले जनुकीय नाते, हा गुणाकार मदत करणाऱ्याच्या खर्चापेक्षा मोठा असेल, तर मदतीची वृत्ती नैसर्गिक निवडीत टिकते. मुंग्या, मधमाश्या आणि आईची माया यांना हे सूत्र चपखल बसते, परंतु विमानातल्या शेजाऱ्याशी नाते जवळजवळ शून्य असते आणि शून्याने कशालाही गुणले तरी शून्यच हाती लागते. १९७१ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी दुसरी वाट दाखवली, ती परतफेडीची. रक्तपिपासू वटवाघळे हे तिचे गाजलेले उदाहरण आहे. लागोपाठ दोन-तीन रात्री रक्त मिळाले नाही तर हे वटवाघूळ मरते, आणि पोट भरून आलेले वटवाघूळ उपाशी सोबत्याला आपल्या पोटातले रक्त ओकून भरवते, हे जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ साली दाखवून दिले. पण परतफेडीसाठी पुन्हा गाठ पडावी लागते, आणि विमानातला शेजारी सामानाच्या पट्ट्यापाशी जो नाहीसा होतो तो कायमचाच. तिसरी वाट नावलौकिकाची. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमंड यांनी १९९८ साली गणिताने दाखवले की तुमची कीर्ती समोरच्याला ठाऊक असण्याची संभाव्यता ‘खर्च भागिले लाभ’ या गुणोत्तरापेक्षा जास्त असेल, तर तुम्ही एकाला केलेल्या मदतीची फेड तिसराच कोणीतरी करतो आणि मदतीची वृत्ती टिकून राहते. हा नियम सुंदर आहे. पण विमानात ना ओळख ना पाळख, तेव्हा कीर्ती पसरणार तरी कोणामार्फत?

नाते, परतफेड आणि लौकिक या तिन्ही वाटा अशा खुंटल्यावर जे स्पष्टीकरण पुढे येते, ते मला स्वतःला फार आवडते, आणि त्यासाठी वाचकाने थोडी आकडेमोड सोसावी अशी विनंती आहे.

अँड्र्यू डेल्टन, मॅक्स क्रॅस्नो, लेडा कॉस्मिडेस आणि जॉन टूबी यांनी २०११ साली विचारलेला प्रश्न असा होता: ‘या माणसाची पुन्हा गाठ पडणार नाही’ हे मेंदूला कळते तरी कसे? ते निश्चितपणे कधीच कळत नाही. मेंदू खाणाखुणांवरून अंदाज बांधतो आणि अंदाज दोन प्रकारे चुकू शकतो. ज्याची गाठ पुन्हा पडणार नाही, त्याच्याशी पडणार असे समजून चांगले वागणे ही पहिल्या प्रकारची चूक, आणि ज्याच्याशी पुढे वर्षानुवर्षे संबंध येणार आहे, त्याला परका समजून झिडकारणे ही दुसऱ्या प्रकारची चूक. या दोन चुकांची किंमत सारखी नसते.

मदतीचा खर्च १ एकक आणि परतफेडीत मिळणारा लाभ ३ एकक धरू. ज्याची गाठ पुन्हा पडते त्याच्याशी एकूण दहा वेळा देवाणघेवाण होते असे मानले, तर प्रत्येक वेळचा निव्वळ लाभ २ आणि दहा वेळांचा २० होतो. आता आपल्याला शंभर अनोळखी माणसे भेटली आणि त्यांतली ९५ पुन्हा कधीच दिसली नाहीत. सगळ्या शंभर जणांना मदत केली, तर त्या ९५ जणांपायी ९५ एकक वाया गेले आणि उरलेल्या पाच जणांकडून १०० एकक मिळाले, म्हणजे शेवटी ५ एकक गाठीशी उरले. उलट कोणालाही मदत न करणाऱ्याच्या खात्यात शून्य जमा होते. ‘हा माणूस पुन्हा भेटणार नाही’ याची शंभरातून पंच्याण्णव भाग खात्री असतानाही मदत करणाराच पुढे राहतो, असा याचा अर्थ होतो. सर्वसाधारण भाषेत सांगायचे तर पुनर्भेटीची संभाव्यता एकविसात एकापेक्षा जास्त असली की पारडे मदतीच्या बाजूला झुकते. देवाणघेवाणी दहाऐवजी वीस धरल्या तर हा उंबरठा एकेचाळिसात एकापर्यंत खाली येतो. मदतीचा खर्च जितका कमी आणि संबंध जितका दीर्घ असण्याची शक्यता, तितका उंबरठा खाली. (समोरचा परतफेड करतोच, हे येथे गृहीत धरले आहे, तो कधीकधी टांग मारतो असे मानले की उंबरठा वर सरकतो, पण विषमता नाहीशी होत नाही.)

डेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकात अशा आभासी जीवांच्या अनेक पिढ्या चालवून पाहिल्या. त्यांत टिकून राहिलेले जीव असे होते की समोरच्याशी ही एकदाचीच गाठ आहे, असा स्वतःचाच अंदाज असतानाही ते बऱ्याचदा मदत करत. म्हणजे अनोळख्याशी दाखवलेला चांगुलपणा हा मेंदूचा गोंधळ नसून अनिश्चिततेत काढलेला शहाणा सरासरी तोडगा ठरतो. यावर आक्षेपही आहेत. काही संशोधकांच्या मते एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मानवी समूहांत ज्यांच्या रूढी सहकार्याला पोषक होत्या ते समूह टिकले, आणि परोपकाराचे मूळ तिथे शोधायला हवे. हर्डी यांच्या मते ते मूल अनेकांनी मिळून वाढवण्याच्या पद्धतीत आहे. या तीन कारणांपैकी एकाची निवड करायलाच हवी असे मला वाटत नाही, पण चुकांच्या विषम किमतीचे गणित बाकी दोन्हींच्या मुळाशीही लागू पडते, म्हणून माझे झुकते माप त्याच्याकडे आहे.

आता थोडे अवांतर. चांगुलपणाचा विषय निघाला की ‘ऑक्सिटोसिन’ या संप्रेरकाचे नाव घेऊन प्रेमाची रासायनिक किल्ली सापडल्याचे सांगणारे लेख निघतात. नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारल्यावर माणसे परक्यावर अधिक विश्वास टाकतात, असे २००५ सालच्या एका प्रयोगात दिसले होते खरे. परंतु पुढे त्या प्रयोगाची पुनरावृत्ती करणाऱ्यांना तो परिणाम खात्रीने मिळाला नाही. तीच गत ‘तुम्ही विश्वात चांगली ऊर्जा सोडा, ती फिरून तुमच्याकडे येईल’ या वाक्याची. ऊर्जा जूलमध्ये मोजतात, आणि बॅग वर गेल्यावर त्यातले ११७ जूल बॅगेतच स्थितिज ऊर्जा म्हणून राहतात. उचलणाऱ्याकडे ते परत येत नाहीत.

खर्च शून्याच्या जवळ नेणारी मदत म्हणजे माहिती. विमान उतरू लागले की तान्ही मुले एकाएकी किंचाळू लागतात, आणि आईबाप ओशाळून इकडेतिकडे पाहू लागतात. विमान उंचावर असताना आतली हवा समुद्रसपाटीपासून ६,००० ते ८,००० फुटांवर असते तितकी विरळ ठेवलेली असते. उतरताना हा दाब वाढत जातो आणि कानाचा पडदा आत ढकलला जातो. मध्यकर्णापासून घशाच्या मागच्या भागात उघडणारी कंठकर्णनलिका हा दाब सारखा करू शकते, परंतु तिचे घशाकडचे तोंड एरवी मिटलेले असते; आतली हवा सहज बाहेर सुटते, पण बाहेरची हवा आत जायची तर टाळूजवळच्या स्नायूने ते तोंड ओढून उघडावे लागते. हा स्नायू गिळताना आणि जांभई देताना आखडतो. म्हणूनच चढताना क्वचित आणि उतरताना हमखास दडे बसतात. मोठ्या माणसाने आवंढा गिळला की काम भागते. तान्ह्या मुलाला ते सांगता येत नाही, पण त्याला त्या वेळी पाजले की ते आपोआप गिळते. पलीकडच्या रांगेतली एखादी अनुभवी बाई ‘आत्ता झोपू देऊ नका, पाजायला घ्या’ असे म्हणते, तेव्हा तिचा खर्च एका वाक्याचा असतो आणि लाभ त्या मुलाला, आईला आणि आसपासच्या दहा रांगांना मिळतो.

याच हिशेबाने जागा बदलून मागण्याचा प्रश्नही पाहता येतो. जास्तीचे पैसे भरून घेतलेली खिडकीजवळची जागा मधल्या जागेच्या बदल्यात सोडायला सांगितले, तर खर्च मुळीच लहान राहत नाही, आणि नकार देणाऱ्याला माणुसकी नाही असे म्हणणारे लोक दुसऱ्याच्या खात्यातून दानधर्म करत असतात. मोठा खर्च पडूनही लोक पुढे येतात, हे मात्र खरे. पाच विमान कंपन्यांच्या २००८ ते २०१० या काळातल्या नोंदींच्या अभ्यासात दर ६०४ उड्डाणांमागे एक वैद्यकीय आणीबाणी आढळली, आणि त्यांपैकी सुमारे ४८ टक्के प्रसंगांत प्रवाशांतल्याच एखाद्या डॉक्टरने उठून रुग्णाला पाहिले होते.

ही वृत्ती शिकवणीने येते की उपजत असते, यावर फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली केलेला प्रयोग मला विमानाच्या कप्प्याची आठवण करून देतो. दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा घेतलेला एक अनोळखी माणूस बंद कपाटावर आपटतो आणि थबकतो. खोलीतली दीड वर्षाची मुले, कोणी काही न सांगता, दुडुदुडु जाऊन कपाटाचे दार उघडून देतात. पुढे २००८ साली असेही दिसले की अशा मदतीबद्दल बक्षीस दिलेली मुले नंतर, बक्षीस बंद झाल्यावर, बाकीच्यांपेक्षा कमी मदत करू लागतात.

मग हाच उपजत गुण विमान थांबल्यानंतरच्या पाच मिनिटांत कुठे जातो? १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले आणि वाटेत दारात खोकत, विव्हळत पडलेला एक माणूस ठेवला. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थी थांबले, थोड्या घाईत असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि उशीर झाला आहे असे सांगितलेल्यांपैकी अवघे १० टक्के. काहींचे भाषण तर वाटसरूला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाच्या कथेवरच होते. तरी फरक पडला तो घाईने.

त्या प्रवासात सीटबेल्टचा दिवा विझला तेव्हा तो उंच गृहस्थ पहिल्या झटक्यात उठला, घड्याळाकडे पाहिले, आपली बॅग ओढून घेतली आणि पुढच्या माणसाच्या पाठीला जवळजवळ चिकटून मधल्या वाटेत उभा राहिला. बाईंची बॅग त्याच्या डोक्यावर वीतभर अंतरावर होती. ती शेवटी मागच्या रांगेतल्या एका मुलीने खुर्चीच्या कडेवर पाय देऊन खाली काढली. तिला कुठेच जायची घाई नसावी.