पैसे भरले म्हणजे नदीत सांडपाणी सोडायची मुभा?

"ते पैसे भरतात, मग सोडणारच ना पाणी!" नदीवर फेस आला की घाटावर कारखान्यांबद्दल हे हमखास ऐकू येतं. साफ चूक. १९७४च्या जल कायद्यात संमतिपत्र (पाणी सोडायची परवानगी) मिळतं ते प्रदूषणाच्या मर्यादेत बसणाऱ्या, प्रक्रिया केलेल्या पाण्यालाच. गोंधळ बहुधा १९७७च्या जल उपकरामुळे झाला असावा. पण तो घेतला जायचा वापरलेल्या पाण्यावर, मीटरचा आकडा बघून. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उपकर गेला. आज लागते ती पर्यावरण भरपाई: नियम किती दिवस मोडला, कारखाना केवढा, हे धरून. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रात दिवसाला किमान ५,००० रुपये. (बड्यांना हा चहापाण्याचा खर्च, कबूल.) भरली तरी नियम मोडून नदीत उतरवलेला पाइप बेकायदाच.