रोख डाव की टूर्नामेंट? आधी ठरवा, मग पत्ते पिसा

रात्री पावणेअकराला एकाने समोरच्या सगळ्या चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) दोन्ही हातांनी पुढे सारल्या. "मोज रे, निघतो. उद्या पहिली शिफ्ट आहे." डोंबिवलीत मित्राच्या हॉलमध्ये आमची पहिली पोकर टूर्नामेंट चालली होती. त्याच्यापुढे नऊ हजारांच्या चिप्स होत्या आणि त्याचं काहीतरी हातात पडणार असं तो धरून बसला होता. आम्ही म्हटलं, काही नाही मिळणार. मग जे व्हायचं ते झालं. खरं तर चूक त्याची नव्हती. तो रोख डाव खेळत होता आणि आम्ही आठ जण टूर्नामेंट, फक्त टेबल एकच होतं.

घोळ होतो कारण दिसायला दोन्ही सारखंच. हातात दोन पत्ते, टेबलावर पाच, तेच पैज लावणं, तेच फोल्ड (पत्ते टाकून देणं), तोच ऑल-इन (सगळ्या चिप्स पणाला). त्यात आपला हात बसलेला असतो दिवाळीतल्या तीन पत्तीवर, आणि ती मुळातच रोख डावाची. पटलं तर बसा, कंटाळलात तर उठा.

रोख डावात शंभरची चिप म्हणजे शंभरच. मग ते रुपये असोत की शेंगदाणे. संपल्या तर आणखी घ्यायच्या, निघताना मोजून परत द्यायच्या. यात कुणी 'जिंकत' नाही, फक्त कुणी वर असतो, कुणी खाली. लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोमध्ये 1970 साली पोकरची पहिली वर्ल्ड सिरीज झाली, तेव्हा हीच पंचाईत आली. रोख डाव खेळून अव्वल कोण ते ठरेना, म्हणून खेळाडूंनी चक्क मतदान करून जॉनी मॉसला निवडलं. पुढच्या वर्षी, 1971 मध्ये, नियम बदलला: एकाकडे सगळ्या चिप्स येईपर्यंत खेळायचं. तीच टूर्नामेंट.

इथे चिपला टेबलाबाहेर काडीची किंमत नाही. ती फक्त तुमचा श्वास मोजते. सगळ्यांना सुरुवातीला सारख्याच चिप्स, संपल्या की बाद. मध्येच उठलात तर तुमच्या चिप्स तिथेच राहतात आणि तुमची पाळी आली की त्यातून ब्लाइंड कापला जातो. (हा ब्लाइंड म्हणजे तीन पत्तीतलं पान न बघता खेळणं नव्हे. डीलरच्या, म्हणजे वाटणाऱ्याच्या, डावीकडच्या दोघांनी पत्ते वाटण्याआधी टाकायची सक्तीची रक्कम, पहिल्याची लहान, दुसऱ्याची मोठी. आमच्याकडे यावरून अर्धा तास गेला.)

आणि खरा फरक या ब्लाइंडमध्येच आहे. रोख डावात तो 25-50 असेल तर रात्रभर 25-50. एका फेरीला 75 जातात, इक्क्यांची वाट बघत निवांत बसा. टूर्नामेंटमध्ये तो वाढत जातो. समजा ब्लाइंड 400-800 वर आलाय आणि तुमच्याकडे चार हजार आहेत. एक फेरी 1200 ची, म्हणजे तीन फेऱ्या गप्प बसलात की हातात 400 उरतात. मग राजा-सत्तीवरही ऑल-इन जावं लागतं. रोख डावात हाच माणूस मूर्ख ठरला असता.

आमचं गणित आता बसलंय. नऊ जण, प्रत्येकी 5000: पंचवीसच्या आठ, शंभरच्या आठ, पाचशेच्या चार, हजारच्या दोन. ब्लाइंड 25-50 पासून, दर वीस मिनिटांनी मोबाइलचा अलार्म वाजला की वाढवायचा. टेबलावर एकूण 45,000 असतात, त्यामुळे ब्लाइंड 1000-2000 वर पोचला की सगळ्यांचे मिळून जेमतेम बावीस मोठे ब्लाइंड उरतात आणि खेळ आपोआप आटपतो. साधारण तीन-साडेतीन तास. डीलरचं बटन, म्हणजे वाटण्याची पाळी कुणाची ते दाखवणारी खूण, म्हणून कॅरमचा स्ट्रायकर.

री-बाय, म्हणजे पुन्हा चिप्स घेणं, पहिल्या तासात, एकदाच, तेही पूर्ण बाद झालेल्यालाच. "माझ्याकडे थोड्याच उरल्यात, जरा भर घाल" हे रोख डावातलं बोलणं, इथे चालत नाही. लवकर जायचं असेल त्याने दारातच सांगावं. अशांसाठी शेंगदाण्यांचा रोख डाव बाजूला मांडतो. बाद झालेलेही तिथेच जाऊन बसतात, नाहीतर ते टीव्ही लावतात.

पैसे नाहीत. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आणि ऑनलाइन पैशाच्या खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. तसंही पैसे आले की मित्र हिशेबनीस होतात. पहिला बाद होईल त्याने सगळ्यांचा चहा करायचा, आणि जिंकेल त्याला वर्षभरासाठी एक जुना पितळी तांब्या. गेल्या वेळी तो पहिल्या शिफ्टवाल्यानेच नेला, रजा टाकून. त्यात सध्या मनी प्लांट लावलाय म्हणे.